पान ‘कर्ल’ झालंय की ‘ट्विस्ट’? कापसात हा फरक महागात पडतो

राजूर म्हटलं की कोळशाच्या खाणी आठवतात, पण वणी तालुक्यात शेत म्हणजे कापूसच. पान वाकडं दिसलं की आपण मोबाइलवर शोधतो. आपल्या एका ‘वाकडं’साठी इंग्रजीत मात्र वेगवेगळे शब्द आहेत.

‘कर्ल’ म्हणजे कडा वळणं. कडा खाली वळून पान पिवळं, मग लालसर होत असेल, तर बहुधा तुडतुडे. पान उलटून बघा, तिरपे चालणारे हिरवे किडे दिसतील. (नुसतं ‘लीफ कर्ल’ शोधलंत तर पंजाब-हरियाणातला, पांढऱ्या माशीमुळे पसरणारा विषाणूरोग समोर येतो. घाबरू नका.)

‘ट्विस्ट’ म्हणजे पीळ. शेंडा पिळवटलेला, नवी पानं भेंडीसारखी चिरलेली, अरुंद? मग कीड नाही, 2,4-डी तणनाशक लागलंय. शेजारच्या शेतातून वाऱ्यानं किंवा नीट न धुतलेल्या पंपातून. यावर कीटकनाशक मारणं म्हणजे पैसे पाण्यात, आणि अंगावर विष. 2017 मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते.

दुकानात जाताना फोटोसोबत उपटलेलं एक झाडही न्या.