सुट्टीत संग्रहालय बघू, आणि आपल्या गावातही मांडू



लग्नसराईत भंगारवाला दारात आला, तेव्हा मी सासूबाईंची पितळी भांडी मोडीत घातली. त्यांचा जुना अडकित्ताही त्यातच गेला. किती पैसे आले ते आता आठवतही नाही. पुढं लेकीच्या शाळेची सहल पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेली. घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, आजीच्या अडकित्त्यासारखे कितीतरी अडकित्ते तिथं काचेच्या कपाटात ठेवलेत. आपला कुठंय?" मला काही उत्तर देता आलं नाही.

संग्रहालय म्हटलं की आपल्याला वाटतं, ते राजेमहाराजांच्या तलवारींचं आणि शिकलेल्या लोकांचं. पण दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, कुलपं, फण्या, पाय घासायच्या वजऱ्या, स्वयंपाकाची भांडी गोळा केली. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं त्यांनी हे संग्रहालय उभं केलं. तिथं 20 हजारांहून जास्त वस्तू आहेत आणि त्यातल्या कितीतरी बायांच्या हातात रोज वापरल्या गेलेल्या आहेत.

आपल्या जिल्ह्यात काय बघाल?

नगर शहरात ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. जुनी कागदपत्रं, नाणी, मूर्ती, शस्त्रं तिथं जपून ठेवलीत. लष्कराचं रणगाडा संग्रहालय 1994 साली सुरू झालं. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या गाड्यांपासून 1965 च्या लढाईत पाकिस्तानकडून हाती आलेल्या पॅटन रणगाड्यापर्यंत सगळं मुलांना जवळून बघता येतं. भुईकोट किल्ल्यात 1942 ते 1945 या काळात पंडित नेहरूंना इतर नेत्यांसह कैदेत ठेवलं होतं. 'भारताचा शोध' हे पुस्तक त्यांनी इथंच लिहिलं.

जामखेड तालुक्यातलं चौंडी म्हणजे अहिल्यादेवींचं जन्मगाव. त्यांचा जन्म 31 मे 1725 चा. दरवर्षी 31 मे ला तिथं जयंतीचा कार्यक्रम असतो, आणि तेव्हा मुलांना सुट्टीही असते.

18 मे हा जागतिक संग्रहालय दिन. 1977 पासून तो पाळतात. त्या सुमारास बऱ्याच ठिकाणी खास प्रदर्शनं, व्याख्यानं, मुलांसाठी कार्यशाळा होतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची तर बसमधली फिरती प्रदर्शनंही आहेत. ती शाळांपर्यंत आणि गावांपर्यंत जातात.

जायचं ठरलं तर आधी फोन करून वेळ, तिकीट आणि सुट्टीचा वार विचारा. लष्कराच्या जागी ओळखपत्र मागतात, म्हणून आधार सोबत ठेवा. उन्हाच्या आत, सकाळीच निघा. गाडीभाडं गटानं मिळून केलं तर एकटीवर बोजा पडत नाही.

जमिनीत काही सापडलं तर

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. 1974 साली तिथल्या एका भिल्ल बांधवाला झाडाची मुळं खणताना चार कांस्य वस्तू सापडल्या: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारही मिळून वजन 60 किलोच्या वर. वितळवल्या असत्या तर धातूचा भाव तेवढा आला असता. त्या वाचल्या, म्हणून हजारो वर्षांपूर्वी प्रवरेकाठी राहिलेल्या माणसांबद्दल आज जगभरचे अभ्यासक बोलतात.

रोजगार हमीच्या कामावर, विहीर खणताना, घराचा पाया काढताना आपल्यालाही काही सापडू शकतं. ते घासू नका, चिंच लावून उजळू नका, सोनाराकडे नेऊ नका. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तलाठ्याला किंवा तहसील कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या. सापडवणाऱ्याला वाटा किंवा मोबदला मिळायची सोय त्याच कायद्यात आहे. लपवलं तर मात्र गुन्हा होतो.

आपलं प्रदर्शन, आपल्या गावात

सगळ्यांनाच नगर-पुण्याला जाणं जमत नाही. मग शाळेच्या एका खोलीत, 18 ते 31 मे या दिवसांत, ग्रामसंघानं एक दिवसाचं प्रदर्शन का मांडू नये? असं करता येईल:

1. मासिक बैठकीत ठराव घ्या. दोघी-तिघींवर जबाबदारी द्या.

2. घराघरांतून वस्तू मागा: जातं, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, रवळी, शेर-पायली, जुनी गोधडी. घेताना वहीत नाव लिहून सही घ्या. संध्याकाळी वस्तू मालकिणीकडे परत गेलीच पाहिजे. तांब्या-पितळेचं काही रात्री शाळेत ठेवू नका.

3. प्रत्येक वस्तूपुढं चिठ्ठी ठेवा: नाव काय, कशाला वापरायचे, कुणाच्या घरची, किती पिढ्यांची. चिठ्ठ्या मुलांना लिहायला सांगा, आज्यांनी सांगायच्या.

4. वस्तू नुसती मांडू नका, वापरून दाखवा. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. मुलांना ज्वारी मापून बघू द्या.

5. जात्यावर आज्यांना बसवा आणि ओव्या म्हणू द्या, मोबाईलवर रेकॉर्ड करा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्याच बाया होत्या. आपल्या गावातली ओवी आजीबरोबर जायला नको.

6. दाराशी गटाचे कुरडया-पापड विकायला ठेवा. चहापाण्याचा खर्च निघतो.

भांडी कधी विकूच नका, असं मी म्हणत नाही. अडचणीला पितळच कामी येतं, हे आपल्याइतकं कुणाला कळतं? पण विकायच्या आधी फोटो काढा आणि ती कुणाची, कधीची, हे वहीत लिहून ठेवा. मी ते केलं नाही. अडकित्ता गेला आणि त्याची गोष्टही गेली. सासूबाईंचं जातं मात्र अजून परसात आहे. आमच्या गटाच्या प्रदर्शनात पहिली चिठ्ठी त्याच्यापुढं लागणार आहे.

तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या.