शिवाजीराव गायकवाड, मुक्काम पोस्ट चेन्नई

एका तमिळ माणसाला 'शिवाजी' हे नाव मिळालं, कारण त्याने रंगभूमीवर शिवाजी महाराज उभे केले. एका मराठी माणसाला बारशातच मिळालेलं 'शिवाजी' हे नाव सोडावं लागलं, कारण ते त्या तमिळ माणसाकडे आधीच होतं!

पहिला माणूस व्ही. सी. गणेशन. अण्णादुराईंच्या नाटकात त्याने महाराजांची भूमिका केली, ती पाहून पेरियार खूश झाले आणि त्यांनी त्याला 'शिवाजी' म्हणून टाकलं. तेव्हापासून तो शिवाजी गणेशन. दुसरा माणूस म्हणजे बंगळुरूच्या रामोजीराव गायकवाड नावाच्या पोलीस शिपायाचा धाकटा मुलगा, जन्म १२ डिसेंबर १९५०. घरात मराठी, म्हणून पोराचं नाव हौसेनं शिवाजीराव ठेवलेलं. हा मुलगा मद्रासला सिनेमात शिरला तेव्हा दिग्दर्शक के. बालचंदर यांच्यापुढे प्रश्न पडला की पडद्यावर दोन शिवाजी कसे चालायचे? त्यांनी आपल्याच १९६६ च्या 'मेजर चंद्रकांत'मधल्या एका पात्राचं नाव काढून त्याला दिलं. ते नाव रजनीकांत.

पुढे २००७ मध्ये रजनीकांतचा 'शिवाजी' आला. जन्माचं नाव परत मिळालं, पण तेही एका सिनेमापुरतं.

सोलापूरचा मास्तर, बंगळुरूचा पोरगा

हा किस्सा सोलापूरकरांनी पाठ करून ठेवावा. शिवाजीरावाच्या थोरल्या भावाने त्याला बंगळुरूच्या रामकृष्ण मठात घातलं होतं. तिथल्या एका नाटकात त्याने एकलव्याच्या मित्राचं काम केलं आणि प्रेक्षकांत बसलेल्या एका कवीने त्याचं कौतुक केलं, असं त्याच्या चरित्रात सांगितलं जातं. हे कवी म्हणजे द. रा. बेंद्रे. कन्नडचे थोर कवी, घरची भाषा मराठी, आणि १९४४ ते १९५६ या काळात आपल्या सोलापूरच्या डी.ए.व्ही. कॉलेजात कन्नडचे प्राध्यापक!

१९७३ साली बेंद्रे यांना 'नाकु तंती' या संग्रहासाठी ज्ञानपीठ जाहीर झालं. त्याच वर्षी त्यांनी कधीकाळी शाबासकी दिलेला तो मुलगा मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या दारात उभा होता. कन्नड लिहिणारा मराठी माणूस आणि तमिळ बोलणारा मराठी माणूस. मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच रिक्षात ऐकू येणाऱ्या गावात याचं कुणाला आश्चर्य वाटायचं नाही. बाकी महाराष्ट्राला वाटो.

तिकीट, तिकीट!

हमाली केली, सुतारकाम केलं, मग बंगळुरूच्या सिटी बसमध्ये कंडक्टरची नोकरी लागली. सुट्टे पैसे, तिकिटं आणि शिट्टी हे सगळं तो इतक्या झोकात हाताळायचा की त्याच्या बसचा ड्रायव्हर राज बहादूर त्याच्या मागेच लागला: तू सिनेमात जा. नुसतं बोलून राज बहादूर थांबला नाही, शिकायला जाताना पैशाची मदतही त्यानेच केली. कंडक्टरला स्टार बनवणारा ड्रायव्हर जगात दुसरा नसावा.

इन्स्टिट्यूटमध्ये बालचंदर यांची नजर पडली. त्यांनी एकच गोष्ट बजावली: तमिळ शिक. ऑगस्ट १९७५ मध्ये 'अपूर्व रागंगळ' आला. नायक कमल हासन. रजनीकांत आत येतो तो फाटक ढकलून, दाढी वाढलेली, कळकट कपडे, बायकोला सोडून गेलेला आणि कॅन्सर झालेला नवरा. काम अगदी छोटं. पण ते फाटक उघडलं ते आजतागायत बंद झालेलं नाही.

दुसऱ्याच वर्षी 'मून्ड्रु मुडिच्चु'. यात श्रीदेवी त्याची सावत्र आई झाली आहे. वय तिचं तेरा! तमिळ सिनेमात नात्यागोत्याचा हिशोब जरा वेगळा चालतो.

१९७८ या एका वर्षात त्याचे वीसच्या आसपास सिनेमे आले. आजचे नट वीस सिनेमांना वीस वर्षं घेतात. त्यातल्या 'भैरवी'च्या वेळी चेन्नईचे वितरक एस. थानू यांनी पोस्टरवर त्याच्या नावाआधी 'सुपरस्टार' छापलं. थानू यांनीच पुढे २०१६ मध्ये 'कबाली' काढला, आणि त्या दिवशी चेन्नई-बंगळुरूच्या काही कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना सरळ सुट्टी दिली. सगळेच आजारी पडणार असतील तर रजेचे अर्ज तरी कशाला तपासत बसायचं?

अमिताभ इकडे, रजनी तिकडे

'डॉन'चा 'बिल्ला' झाला. 'दीवार'चा 'ती'. 'त्रिशूल'चा 'मिस्टर भारत', 'खुद्दार'चा 'पडिक्कादवन', 'नमक हलाल'चा 'वेलैक्कारन', 'लावारिस'चा 'पणक्कारन'. या सगळ्यांत नायक रजनीकांत. म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकात मुंबईत अमिताभ जे जे करत होता ते थोड्या दिवसांनी मद्रासमध्ये रजनी करत होता. पुढे १९९१ मध्ये 'हम'मध्ये दोघे भाऊ झाले. त्या सिनेमाच्या चर्चेत निघालेला एक प्रसंग 'हम'मध्ये वापरलाच गेला नाही. तो दिग्दर्शक सुरेश कृष्णा यांच्या हातात पडला आणि त्याच्याभोवती १९९५ चा 'बाशा' उभा राहिला. साधा रिक्षावाला, आणि मागे मुंबईचा डॉन. आपल्या मते नक्कल संपून रजनीकांत सुरू झाला तो इथे. सिगारेट हवेत उडवून तोंडात झेलणं हा मसाला झाला. आधी सोसत राहायचं आणि एका क्षणी उसळायचं, हा या माणसाचा खरा ऐवज.

'बाशा' जानेवारीत, पोंगलच्या तोंडावर आला. तमिळनाडूत मोठ्या नटाचा सिनेमा पोंगलला यावा अशी रीत आहे. म्हणजे इकडे सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज निघतात, पाळणे फिरतात, त्याच आठवड्यात तिकडे थिएटरसमोर कटआउटला दुधाचा अभिषेक चाललेला असतो.

सोलापूरच्या पूर्वभागातल्या पद्मशाली घरांना रजनी तेलुगूतून माहीत. तमिळमधला 'पडयप्पा' तेलुगूत 'नरसिंह' झाला होता. मुंबईत मात्र तमिळच हवा. माटुंग्याच्या अरोरा थिएटरात रजनीच्या सिनेमाचे पहाटेचे खेळ लागले आहेत, ढोल-ताशांसकट.

पडद्यावरची मुंबई, आणि एक भन्नाट उलटापालट

मुंबईने रजनीकांतला पडद्यावर बरंच काही दिलं. 'बाशा'त तो मुंबईचा डॉन, 'दरबार'मध्ये (२०२०) मुंबईचा पोलीस आयुक्त. पण खरी मजा २०१८ च्या 'काला'त आहे, आणि मराठी प्रेक्षकाने हा सिनेमा दोनदा बघावा. एकदा गोष्टीसाठी, एकदा हसू दाबत.

पा. रंजित यांचा हा सिनेमा धारावीत घडतो. तिरुनेलवेलीहून आलेल्या तमिळ लोकांची वस्ती, त्यांचा म्होरक्या करिकालन ऊर्फ काला. त्याच्यासमोर शुभ्र कपड्यांतला, शहर 'स्वच्छ' करायला निघालेला, भूमिपुत्रांचा कैवारी असलेला नेता हरी दादा. आता पात्रं कुणी केली बघा. बाहेरून आलेला तमिळ माणूस झालाय शिवाजीराव गायकवाड. मुंबईवर हक्क सांगणारा नेता झालाय आपला नाना पाटेकर. धारावीच्या चळवळीतली 'पुयल' झालीय नाशिकची अंजली पाटील. म्हणजे 'तुम्ही बाहेरचे' आणि 'आम्ही इथले' या भांडणात दोन्ही बाजूंना मराठी माणूस! निर्माता कोण, तर रजनीचा तेव्हाचा जावई धनुष.

नाना आणि रजनी समोरासमोर बसतात ते प्रसंग काढून बघा. दोघेही आवाज चढवत नाहीत. मराठी सिनेमाला ही जोडी सुचली नाही, ती चेन्नईला सुचली, हे जरा लागतं.

सोलापूर एक्स्प्रेस

तमिळ सिनेमात आपलाही माणूस आहे. अतुल कुलकर्णी, हरीभाई देवकरण प्रशालेचा विद्यार्थी, सोलापूरच्या 'नाट्य आराधना'त घडलेला, मग राष्ट्रीय नाट्य विद्यालय. २००० मध्ये कमल हासनच्या 'हे राम'मध्ये त्याने श्रीराम अभ्यंकर असा काही रंगवला की सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार थेट घरी आला. नंतर माधवनबरोबर 'रन', धनुषबरोबर 'पडिक्कादवन' (२००९). हे नाव वर वाचल्यासारखं वाटलं ना? सासऱ्याच्या १९८५ च्या सिनेमाचं नाव जावयाने पुन्हा वापरलं. त्याच सिनेमात सातारचे सयाजी शिंदेही आहेत.

सयाजीरावांची तर वेगळीच तऱ्हा. साताऱ्याच्या पाटबंधारे खात्यात वॉचमन होते. २००० साली त्यांनी पडद्यावर कोण साकारावं? तमिळचे महाकवी सुब्रह्मण्य भारती! 'भारती'ला तमिळमधल्या सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्याकडे एखाद्या तमिळ नटाने केशवसुत केले असते तर आपण काय म्हणालो असतो, याचा विचार रात्री जेवल्यावर करावा.

आणखी एक धागा. करमाळ्याच्या नागराज मंजुळेंचा 'सैराट' कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' झाला, त्यातही नायिका अकलूजची रिंकू राजगुरूच. त्या सिनेमाचे निर्माते रॉकलाइन व्यंकटेश यांनीच आधी २०१४ मध्ये रजनीकांतचा 'लिंगा' काढला होता.

रेल्वेचा नकाशा काढला तर हे सगळं एका रुळावर येतं. मुंबईहून चेन्नईला आणि बंगळुरूला जाणाऱ्या गाड्या सोलापूरवरून रायचूरकडे जातात आणि वाटेत मंत्रालयम रोड लागतं. राघवेंद्र स्वामींच्या मठासाठी सोलापूरचे भाविक तिथे उतरतात. रजनीकांतने आपला शंभरावा सिनेमा कुणावर काढला? राघवेंद्र स्वामींवर. 'श्री राघवेंद्रर', १९८५. शंभरी म्हटल्यावर निर्मात्यांनी मारामारीचा धमाका मागितला असता. याने त्याऐवजी संताची भूमिका केली.

आपटला, पण उधारी ठेवली नाही

२००२ चा 'बाबा' आपटला. कथा रजनीची, निर्माता रजनी, आणि सयाजी शिंदेही होते त्यात. वितरकांचे हात पोळले तेव्हा रजनीने त्यांचं नुकसान भरून दिलं. हे सिनेमाच्या धंद्यात कुणी करत नाही. तीन वर्षं तो गप्प बसला आणि २००५ मध्ये 'चंद्रमुखी' घेऊन आला. चेन्नईच्या शांती थिएटरात तो आठशेहून जास्त दिवस चालला. हे शांती थिएटर कुणाच्या घरचं, तर शिवाजी गणेशन यांच्या. नाव ठेवून घेतलं, पण दिवस मोजून परत दिले म्हणायचं!

जपानचं तर विचारूच नका. 'मुत्तू' १९९८ मध्ये टोकियोत लागला आणि तिथले लोक रजनीचे झाले. जपानी प्रेक्षक पुढे त्याचे सिनेमे बघायला चेन्नईपर्यंत येऊ लागले.

राजकारणाचं दोन ओळींत. ३१ डिसेंबर २०१७ रोजी येतो म्हणाला, २९ डिसेंबर २०२० रोजी तब्येतीचं कारण देऊन नाही म्हणाला. शहाणा माणूस.

लग्नाची गोष्ट मात्र गोड आहे. कॉलेजच्या मासिकासाठी मुलाखत घ्यायला लता नावाची विद्यार्थिनी आली आणि मुलाखत घेता घेता बायको झाली. २६ फेब्रुवारी १९८१, तिरुपती.

फाळके आणि गायकवाड

२०२१ मध्ये रजनीकांतला दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. त्र्यंबकेश्वरच्या मराठी माणसाच्या नावाचा पुरस्कार, बंगळुरूत जन्मलेल्या मराठी माणसाला, तमिळ सिनेमासाठी. तो त्याने तिघांना अर्पण केला: गुरू बालचंदर, थोरला भाऊ सत्यनारायणराव आणि ड्रायव्हर राज बहादूर.

गायकवाडांचं मूळ गाव म्हणून जेजुरीजवळच्या मावडी कडेपठारचं नाव घेतलं जातं. दर वाढदिवसाला आपल्याकडे कुणीतरी 'शेवटी आपलाच मराठी माणूस' असं लिहितं. खरं आहे, पण अर्धंच. त्याने आजवर एकही मराठी सिनेमा केलेला नाही आणि आपणही कधी त्याला नीट बोलावलं नाही. ज्याची मातृभाषा तमिळ नाही अशा कंडक्टरला तमिळ लोकांनी 'तलैवर' म्हणजे नेता म्हटलं आणि पन्नास वर्षं म्हणत राहिले. 'कुली' २०२५ च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हा फाटक उघडल्याला बरोबर पन्नास वर्षं झाली होती. श्रेय द्यायचं तर आधी त्या प्रेक्षकांना द्यावं लागेल.

रजनी कधी पाहिलाच नसेल तर 'कबाली' किंवा 'जेलर'पासून सुरुवात करू नका. 'मुल्लुम मलरुम' शोधा, १९७८ चा, महेंद्रन यांचा. त्यात ना गॉगल, ना सिगारेटची करामत. एक तापट विंच ऑपरेटर, त्याची बहीण आणि अपघातात गेलेला हात. तो पाहिल्यावर 'बाशा' लावा, आणि मग एखाद्या रविवारी 'हे राम'. श्रीराम अभ्यंकर पडद्यावर आला की घरच्यांना सांगा, हा आपल्या हरीभाईचा.