पुण्याच्या उन्हात गाडीला हीटर कशाला? जुन्या स्पोर्ट्स कारमधला हा डबा काढण्याआधी हे वाचा

पिंपळे गुरवहून नाशिक फाट्याला आलं की दोन रस्ते फुटतात. एक भोसरी-मोशीवरून चाकणला जातो, दुसरा पिंपरी-चिंचवड-देहूरोडवरून लोणावळ्याकडे. चाकणच्या पट्ट्यात आजच्या गाड्यांचे एसी, रेडिएटर आणि हीटरचे भाग बनतात. आणि लोणावळ्याच्या पुढे, खंडाळ्याच्या घाटात, जुलै महिन्यात जुन्या गाडीचा हीटर खरोखर कामाला येतो.

पण आपल्याकडे हीटर म्हटलं की आंघोळीच्या पाण्याचाच आठवतो. गाडीत हीटर असतो हेच अनेकांच्या गावी नसतं. त्यामुळे एखादी साठ-सत्तरच्या दशकातली स्पोर्ट्स कार गॅरेजमध्ये आली आणि तिचा हीटर गळत असेल, तर पहिला सल्ला ठरलेला असतो. "काढून टाका, पुण्यात काय करायचाय?" दुसरा सल्ला असतो, "जागा अडवतोय, डॅशबोर्डखाली छोटा बसवू."

दोन्ही सल्ले वाटतात तेवढे साधे नाहीत. कारण जुन्या गाडीत हीटर जिथे बसवलाय, ती जागा विचार करून निवडलेली असते.

आधी हे समजून घेऊ, हीटर चालतो कसा?

पेट्रोल जळल्यावर त्यातल्या ऊर्जेचा बराच मोठा भाग उष्णता होऊन वाया जातो. ही उष्णता पाणी किंवा कूलंट उचलतं आणि रेडिएटरमध्ये नेऊन बाहेरच्या हवेला देतं. त्याच गरम कूलंटचा एक छोटा फाटा हीटरकडे वळवलेला असतो. तिथे रेडिएटरचंच धाकटं भावंड बसलेलं असतं. त्याला हीटर कोअर म्हणतात, गॅरेजच्या भाषेत हीटर कॉइल. मागून पंखा हवा मारतो, ती हवा गरम होऊन पायाशी किंवा समोरच्या काचेवर येते.

म्हणजे ही उष्णता जवळजवळ फुकटची आहे. वीज लागते ती फक्त पंख्याला. असा हीटर काही किलोवॅट उष्णता आरामात देतो. याउलट सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचे जे १२ व्होल्टचे छोटे हीटर मिळतात, ते साधारण १५० वॉटचे असतात. तेवढ्यासाठीही साडेबारा अँपिअर करंट लागतो. १९६७ पर्यंतच्या एमजीबी गाडीचा डायनॅमोच २२ अँपिअरचा होता. त्यातले निम्म्याहून जास्त अँपिअर हीटरने खाल्ले, तर हेडलाइट आणि वायपरला उरणार किती?

एमजीबीचंच उदाहरण का?

कारण जुन्या स्पोर्ट्स कारच्या हीटरची गोष्ट निघाली की जगभर हीच गाडी पुढे येते. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात ही गाडी बनली. सगळे प्रकार धरून पाच लाखांहून जास्त. आज आपल्या रस्त्यावर दिसणाऱ्या एमजी हेक्टरशी तिचं नातं फक्त नावापुरतं.

सुरुवातीला एमजीबीत हीटर जास्तीचे पैसे देऊन घ्यावा लागायचा. इंग्लंडच्या थंडीत तो बहुतेकांनी घेतलाच. हा हीटर स्मिथ्स कंपनीचा. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या मागे, काचेच्या अगदी खाली, फायरवॉलच्या कप्प्यात तो चौकोनी डबा दिसतो. दिसायला सोपा, काढायला महाकठीण. कूलंट काढा, डॅशबोर्डखालचा कन्सोल सोडवा, काचेकडे जाणाऱ्या नळ्या ओढून काढा, केबल सोडा आणि मग अंगठे सोलत डबा वर खेचा. म्हणून तर जगभरचे मालक थट्टेने म्हणतात, कंपनीने आधी हीटर टांगला आणि मग त्याच्याभोवती गाडी बांधली.

मग त्याच जागेचा अट्टाहास कशाला?

त्या एका जागेवर चार गोष्टी एकत्र येतात.

पहिली, काच अगदी वर आहे. गरम हवेला फार प्रवास करावा लागत नाही.

दुसरी, इंजिनाच्या हेडमधून गरम पाणी मागच्या बाजूनेच निघतं. त्यामुळे होज पाइप आखूड राहतो.

तिसरी, गरम पाण्याचे पाइप फायरवॉलच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला राहतात. पाइप फुटलाच तर उकळतं पाणी रस्त्यावर जातं, कोणाच्या मांडीवर नाही.

चौथी सगळ्यात महत्त्वाची. काचेच्या पायथ्याशी, बॉनेटच्या मागे जी जाळी असते, तिथून बाहेरची ताजी हवा थेट हीटरमध्ये येते. गाडी पळत असताना त्या जागी हवेचा दाब वाढलेला असतो, म्हणून पंखा बंद असला तरी हवा आत ढकलली जाते.

आता हा डबा उचलून डॅशबोर्डखाली बसवला तर काय होतं? तो बाहेरची हवा घेत नाही, केबिनमधलीच हवा फिरवत राहतो. कोरड्या थंडीत हे चालून जातं. आपल्या पावसात मात्र फसतं.

काचेवरच्या धुक्याचं गणित

जुलैमध्ये खंडाळ्यात बाहेर पाऊस, काच थंडगार. आत दोन माणसं, ओले कपडे, ओली पायपुसणी. श्वासातली आणि कपड्यांतली वाफ थंड काचेला लागून पाण्याचे बारीक थेंब होतात. समोरचं दिसेनासं होतं. घाटाच्या वळणावर हे किती महागात पडू शकतं, ते सांगायला नको.

नवीन गाडीत अशा वेळी एसी लावायचा. एसी हवेतला ओलावाच काढून घेतो. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये एसी नाही. तिच्याकडे एकच हत्यार आहे, हीटर. बाहेरची २२ अंशांची, ओलाव्याने शंभर टक्के भरलेली हवा ३५ अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली येते. पाणी तेवढंच असतं, पण तापलेल्या हवेची पाणी धरायची ताकद वाढते. अशी हवा काचेवर मारली की ती थेंब शोषून घेते आणि काचही गरम होते.

यासाठी बाहेरची हवा हवी. आतलीच हवा फिरवली तर श्वासातली वाफ आतच साठत जाते. थोडा वेळ काच साफ वाटते, मग पुन्हा धुकं धरतं.

हीटरचा दुसरा उपयोग जुन्या ड्रायव्हरांना पाठ असतो. बोरघाटात ट्रॅफिक तुंबला, गाडी चढावर आहे आणि टेंपरेचरचा काटा वर सरकतोय. अशा वेळी हीटर फुल करायचा, पंखा लावायचा, काचा खाली घ्यायच्या. घाम निघतो, पण हीटर कॉइल छोट्या जादा रेडिएटरसारखी काम करते आणि इंजिनाला श्वास मिळतो. कायमचा इलाज नाही हा, पण सावलीची जागा मिळेपर्यंत गाडी तगते.

खराब नक्की काय झालंय?

अनेकदा हीटर काढला जातो आणि दोषी भलताच असतो. म्हणून आधी तपास.

बंद करूनही पायाशी गरम हवा येतेय? मग कॉइलवर शंका घेण्याआधी वॉल्व्ह बघा. गरम पाण्याचा हा कॉक जुना झाला की पूर्ण बंद होत नाही. एप्रिलच्या उन्हात "हीटरमुळे गाडी भट्टी झालीय" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. कधी कधी नुसती केबल नीट ताणलेली नसते.

पायाखालचं कार्पेट ओलं होतंय? बोट लावून बघा. चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट, म्हणजे कॉइल किंवा जोड गळतोय. साधं पाणी असेल तर ते पावसाचं. एमजीबीत काचेखालच्या जाळीतून शिरलेलं पावसाचं पाणी बाहेर सोडायला खाली एक रबरी नळी असते. तिच्यात पाला-माती अडकली की पाणी तुंबतं आणि हीटरच्या वाटेने आत येतं. नळी साफ केली की काम झालं.

काचेवर आतून तेलकट थर येतोय आणि गोड वास मारतोय? मग कॉइल नक्की गेलीय.

यातही दिलासा आहे. जुनी कॉइल तांब्या-पितळेची असते आणि तिचे जोड डाग देऊन केलेले असतात. चांगला रेडिएटरवाला ती उघडून साफ करू शकतो, गळती बुजवू शकतो किंवा आतला गाभा नवा घालू शकतो. आजच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कॉइलचं असं नसतं, ती बहुतेक वेळा बदलावीच लागते.

नुसता बायपास केला तर?

हीटरचे दोन्ही पाइप काढून एकमेकांना जोडले की झाला बायपास. घरी पोचेपर्यंत ठीक. पण तो तसाच ठेवला तर तोटा होतो. आधी कॉइलच्या बारीक नळ्यांमधून पाणी जपून जायचं. आता मोकळी वाट मिळाल्यावर बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाता थेट पंपाकडे परततं. मे महिन्यात नेमकं हेच नको असतं.

मग दोन्ही टोकांना बूच मारावं का? काही इंजिनांत तेही चालत नाही. थर्मोस्टॅट बंद असताना हेडमधलं पाणी हीटरच्या वाटेनेच फिरतं. ती वाट बंद केली तर एका जागी पाणी उकळू शकतं. आपलं इंजिन कोणत्या प्रकारचं आहे, ते मॅन्युअलमध्ये पाहूनच निर्णय घ्यायचा.

जागा बदलायचीच असेल तर

कधी कधी इलाज नसतो. कोणी मोठं इंजिन बसवतं, कोणाला एसीसाठी जागा हवी असते. अशा वेळी या गोष्टी सोडायच्या नाहीत.

- काच आधी, पाय नंतर. नव्या जागेवरून काचेपर्यंत पुरेशा जाड नळ्या जाणार नसतील, तर ती जागा बाद.
- बाहेरची हवा. जुन्या जाळीपासून नव्या डब्यापर्यंत हवेची नळी न्या.
- उंची. कॉइल कूलंटच्या सगळ्यात वरच्या पातळीपेक्षा उंच गेली तर तिच्यात हवा अडकते. हीटर थंड राहतो आणि काट्यावर विश्वास ठेवता येत नाही. ते टाळता येत नसेल, तर सगळ्यात उंच जागी हवा काढायचा स्क्रू हवाच.
- वॉल्व्ह इंजिनाच्या बाजूला. म्हणजे हीटर बंद केला की गरम पाणी केबिनकडे येतच नाही.
- होज पाइप. कूलंट ८० ते ९५ अंशांचं असतं आणि दाबाखाली असतं. हीटरसाठीचाच पाइप वापरा, साधा पाण्याचा नको. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट घाला, नाहीतर पत्र्याची धार महिनोन्महिने पाइप घासत राहते.
- वायरिंग. पंख्याला वेगळा फ्यूज आणि रिले द्या. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. आजचा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर तसाच जोडला तर क्षणात जळतो.

कूलंट काढायचं ते इंजिन पूर्ण थंड झाल्यावर आणि भांड्यात. गटारात किंवा जमिनीवर नाही. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड. रस्त्यावरची कुत्री-मांजरं ते चाटून मरतात.

बीटल आणि पोर्शची गोष्ट वेगळी

जुनी फोक्सवॅगन बीटल किंवा १९९८ पर्यंतची पोर्श ९११ या हवेवर थंड होणाऱ्या गाड्या. त्यांच्यात गरम पाणीच नाही. सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या पाइपभोवती आवरण घालून त्यातली हवा केबिनमध्ये आणतात. तो पाइप गंजून सडला, तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड हीटरच्या वाटेने आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. अशा गाडीत हीटर लावल्यावर डोकं दुखायला किंवा गरगरायला लागलं, तर लगेच काचा उघडा, गाडी थांबवा, बाहेर या आणि तपासणी होईपर्यंत हीटर लावू नका.

आरटीओचा काय संबंध?

हीटरची कॉइल किंवा पंखा बदलल्याने आरसीवरच्या नोंदी बदलत नाहीत. पण जागा बदलण्यासाठी फायरवॉल कापली तर मामला वेगळा होतो. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, खासगी वापराची गाडी यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी, मुदत १० वर्षं आणि नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं. अट अशी, की चासी, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठा बदल केलेला नसावा. फायरवॉल ही बॉडी शेलचाच भाग आहे. एमएच-१४ च्या गाडीला पुढे कधी व्हीए नंबर घ्यायचा असेल, तर ग्राइंडर चालवण्याआधी आरटीओत विचारलेलं बरं.

म्हणून क्रम असा ठेवायचा. आधी केबल आणि वॉल्व्ह. मग पाण्याची नळी आणि होज पाइप. मग कॉइल. मग पंख्याची मोटर. एवढं करूनही भागलं नाही तरच जागा बदलायची, तीही जमेल तिथे पत्रा न कापता, जुनीच भोकं वापरून. आणि काढलेला मूळ डबा भंगारात न देता चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवायचा. पुढच्या मालकाला तो परत बसवावासा वाटू शकतो.