तान्ह्या बाळाची झोप आणि त्याचे पोट

घरात तान्हे बाळ आले की आनंदाबरोबर जागरणही येते. बाळ रात्री रडू लागले की कुणी दृष्ट काढते, कुणी वाईट सवयीला दोष देते. प्रत्यक्षात या रडण्याचे मूळ अनेकदा पोटात असते.

नवजात बाळ दिवसाकाठी साधारण १४ ते १७ तास झोपते. परंतु ही झोप तुकड्यातुकड्यांची असते. त्याचे जठर लहान असते आणि आईचे दूध लवकर पचते. म्हणून दर दोन-तीन तासांनी भूक लागून जाग येणे हा आजार नव्हे.

पोटशूळ

धडधाकट बाळ संध्याकाळी अचानक पाय पोटाशी घेऊन कळवळून रडते. मॉरिस वेसल या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये याची व्याख्या केली: दिवसातून तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ चालणारे रडणे. हा त्रास सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचतो आणि बहुधा तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतो. बाळाला उभे धरून ढेकर काढावी, कुशीत घेऊन फिरवावे. थोडे दूध वर येणेही या वयात स्वाभाविक आहे. मात्र झोपवताना बाळाला पाठीवरच निजवावे.

आईचा आहार

बाळंतिणीला वाल, वाटाणे, कोबी वर्ज्य करण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु या पदार्थांतील तंतू दुधात उतरत नाहीत. उगाच पथ्य करून आईने उपाशी राहू नये. चहा-कॉफीतील कॅफीन मात्र थोड्या प्रमाणात दुधातून बाळापर्यंत पोहोचते. त्याचा अतिरेक टाळावा. काही थोड्या बाळांना गाईच्या दुधातील प्रथिने सोसत नाहीत. शौचात रक्त किंवा अंगावर पुरळ दिसल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आईने आहार बदलावा.

घातक उपाय

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या अनेक स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देत. बाळ शांत झोपे. परंतु ती झोप नव्हे, गुंगी असे, आणि जिवावरही बेते. आज ती गोळी मागे पडली, तरी झोपेसाठी बाळाला काहीतरी चाटवण्याचा मोह उरला आहे. एक वर्षापर्यंत मध मुळीच देऊ नये. त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्यामुळे घुटी, साखरपाणी वा भाताची पेज यांना या काळात स्थान नाही. पेजेने पोट भरून बाळ रात्रभर झोपेल, हा समजही निराधार आहे.

सहा महिन्यांनंतर

आता मऊ वरण-भात, मुगाची खिचडी, नाचणीची खीर सुरू करावी. नवा पदार्थ एका वेळी एकच द्यावा, म्हणजे कशाने पोट बिघडले ते कळते. केवळ दुधावर राहिलेल्या मुलात लोह कमी पडते आणि त्याचा परिणाम झोपेवरही होऊ शकतो.

हिरवी उलटी, शौचात रक्त, ताप, फुगून कडक झालेले पोट, दूध न पिणे, वजन न वाढणे किंवा बाळ मलूल होणे, यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना गाठावे. आणि सारे ठीक असेल, तर घरातील इतरांनी आळीपाळीने बाळ सांभाळावे; आईलाही झोपेची तितकीच गरज असते.