वऱ्हाडचं ऊन आणि 'थंडा' स्पार्क प्लग

मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या पुढे गेला, की एक सल्ला हमखास मिळतो: "स्पोर्ट्स कार हाय ना, मंग थंडा प्लग टाक ना बाप्पा!" टाकायचा का? आधी आकडे पाहू.

'थंड' किंवा 'गरम' हे ठिणगीबद्दल नसतं. प्लग आपल्या टोकाची उष्णता किती लवकर सिलिंडर हेडकडे सोडतो, त्यावर ते ठरतं. टोक साधारण 500 ते 850 अंशांत राहायला हवं. त्याखाली काजळी जळत नाही, साचते आणि ठिणगी चुकते. त्यावर गेलं, तर तापलेलं टोकच ठिणगीआधी पेट्रोल पेटवतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं.

आता ऊन बघा. आत ज्वाला 2000 अंशांच्या वर. बाहेर 30 चे 45 झाले तर टोकाला फारसा फरक पडत नाही. प्लग एक पायरी बदलला, तर मात्र टोक 70 ते 100 अंशांनी बदलतं. म्हणजे उन्हासाठी थंड प्लग टाकून राजापेठेच्या गर्दीत गाडी रांगवलीत, तर प्लग काळा पडायचा धोका. उन्हाळ्यात काळजी घ्या ती रेडिएटरची आणि पेट्रोलच्या ऑक्टेनची.

थंड प्लग लागतो तो इंजिनाची ताकद वाढवल्यावर, तोही एकेक पायरीनं. आणि नंबर नीट वाचा, बरं का: एनजीकेत आकडा मोठा तसा प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलटं. नाही तर थंड मागून गरम घरी आणाल.