चाकाच्या पोटांतील वीज

दिवेलागणीनंतर घराबाहेर असलेल्या मुलांची काळजी कोणत्या घरीं वाहिली जात नाहीं? शहरांत निदान रस्त्यावर दिवे तरी असतात. माणदेशांत गांव मागें पडलें कीं दिवेही मागें पडतात. साताऱ्याहून पंढरपुरास जाणारा रस्ता दहिवडी, गोंदवलें, म्हसवड असा जातो. त्याच्या दोहों अंगांच्या माळावरील वाड्यावस्त्यांतून शाळेला यावयाचें म्हणजे कित्येक मुलांना मोठी मजल मारावी लागते. म्हसवड येथें १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तिच्या जोडीनें काम करणाऱ्या माणदेशी फौंडेशननें मुलींना शाळेसाठीं सायकली मिळवून दिल्या, तें याच कारणानें. परंतु सायकल असून दिवा नसेल, तर हिंवाळ्यांतील संध्याकाळच्या जादा तासाला मुलीस पाठवावयास घरचीं वडील माणसें कचरतात, आणि तो तास बुडतो. म्हणून सायकलीचा दिवा ही चैनीची वस्तु नसून तो शिक्षणाच्या साधनांपैकींच एक आहे, असें आम्हांस वाटतें.

हा दिवा पेटविण्याचे मार्ग तीन. पहिला बॅटरीचा. तो सोपा खरा. पण रात्रीं चार्ज करावयाचें विसरलें कीं दुसऱ्या दिवशीं तो ऐन माळावर डोळे मिटतो. दुसरा मार्ग आपणां पुष्कळांच्या आठवणींतल्या बाटलीच्या आकाराच्या डायनामोचा. त्याची चकती टायरच्या कडेवर टेकून फिरते. ती टायर झिजविते, चिखलांत घसरते आणि पायांना जड जाते. तिसरा मार्ग म्हणजे पुढच्या चाकाच्या हबांतच डायनामो बसविणें. हा घांसत नाहीं, घसरत नाहीं, आवाजही करीत नाहीं. आणि घरच्या घरीं सांभाळावयास तिघांत हाच सोपा.

चुंबक आणि तारेचें वेटोळें यांतील एक दुसऱ्यापुढें हालत राहिलें कीं तारेंत वीज उत्पन्न होते, हें फॅराडेनें १८३१ सालीं दाखविलें. त्याच तत्त्वावर इंग्लंडांतील नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीनें १९३६ सालीं 'डायनोहब' बाजारांत आणलें, आणि तें १९८४ पर्यंत निघत राहिलें. त्यांत तांब्याच्या तारेचें वेटोळें आंसावर स्थिर असतें व त्याच्या भोंवतीं वीस ध्रुवांचें चुंबकाचें कडें चाकाबरोबर फिरतें. आजच्या हबांची मांडणीही मूलतः हीच. तीं ताशीं १५ किलोमीटरच्या सुमारास ६ व्होल्ट दाबानें ३ वॅट वीज देतात. आंत घांसणारा ब्रश नाहीं. त्यामुळें छर्रे व ते ज्यांवर फिरतात ते कोन यांखेरीज झिजण्याजोगें आंत फारसें कांहीं नाहीं.

यावरून पहिला नियम निघतो. दिवा लागेनासा झाला कीं प्रथम हब उघडूं नये. दोष बहुधा हबाबाहेर असतो. आधीं दिवा पाहावा. जुन्या पद्धतीचे बल्ब असतील तर पुढचा व मागचा असे दोन्हीं तपासावे. डायनामो वेग वाढला तरी जवळजवळ तेवढाच प्रवाह देतो. म्हणून मागचा लाल बल्ब गेला कीं त्याच्या वांट्याचा प्रवाहही पुढच्या बल्बांतून जातो व थोड्याच वेळांत तोही जळतो. एक बल्ब गेल्याचें कळतांच तो बदलला तर दुसऱ्याचा खर्च वांचतो. एल.ई.डी.चा दिवा घ्यावयाचा असेल तर तो डायनामोकरितां बनविलेलाच घ्यावा. हबांतून येणारी वीज उलटसुलट वाहणारी असते. ती सरळ करण्याची योजना अशा दिव्यांत असते, बॅटरीच्या साध्या दिव्यांत ती नसते.

त्यानंतर तारा. मडगार्डाच्या कडेला घांसून किंवा वांकाच्या जागीं तार आंतून तुटते, पण वरचें वेष्टण शाबूत राहिल्यामुळें तें दिसत नाहीं. टोकांवर काळपट वा हिरवट कीट चढलें असेल तर काचकागदानें घांसून तीं लखलखीत करावीं व घट्ट बसवावीं. एवढ्यानेंही दिवा न लागल्यास दोन्हीं तारा हबापासून सोडवाव्या, मल्टिमीटर ए.सी. व्होल्टवर ठेवून हबाच्या टोकांना लावावा आणि चाक उचलून हातानें जोरानें फिरवावें. कांटा किंवा आंकडा हालून वेगाबरोबर वाढूं लागला कीं हब निर्दोष समजावें. कांहींच न दिसल्यास चाक थांबवून ओहम मोजावे. थोडे ओहम आले तर वेटोळें सलग आहे. मीटर मुळींच हालला नाहीं तर आंतली तार तुटली आहे, आणि तें काम जाणत्या कारागिराचें.

तार तुटण्याचें एक कारण आमच्या माणदेशाच्या मातीतलेंच आहे. येथील वाटांवर बाभळीच्या कांट्यांचें राज्य. पंक्चर झालें कीं चाक चिमट्यांतून काढावें लागतें, आणि घाईंत डायनामोची तार न सोडवितांच चाक ओढलें कीं तार तुटलीच. म्हणून नट सैल करण्यापूर्वीं तार सोडवावी, हा नियम मुलांना पाठ करवावा. चाक परत बसवितांना नट आंवळूं लागलें कीं पुष्कळदां आंसही बरोबर फिरूं लागतो. तसें झाल्यास तारेच्या बाजूस पीळ पडतो. आंस एका हातानें स्थिर धरूनच पाना चालवावा.

चाक हातानें हळू फिरवितांना अडखळल्यासारखें वाटलें तर घाबरण्याचें कारण नाहीं. ती चुंबकाची ओढ होय. छर्रे झिजले किंवा कसें हें कळण्यासाठीं चाकाची कड धरून आडवें हालवून पाहावें. डुलत असेल किंवा कुरकुरत असेल तरच कोन व ग्रीस यांकडे वळावें. सायकल धुतांना पाण्याची जोराची धार हबावर सोडूं नये; ओल्या फडक्यानें पुसणें पुरे.

आतां सर्वांत महत्त्वाची सूचना. एकाद्या घरीं वडिलांच्या वेळचें जुनें डायनोहब असेल, तर त्यांतील चुंबकाचें कडें वेटोळ्यापासून केव्हांही सुटें ओढून काढूं नये. आंतलें लोखंड दूर होतांच तो जुना चुंबक आपलें बळ गमावतो, आणि पुन्हां जशाच्या तसें बसविलें तरी दिवा मंदच राहतो. वेटोळें काढणें भागच असेल, तर तें सरकत बाहेर येत असतांनाच त्याच्या जागीं त्याच मापाचें मऊ लोखंडाचें कडें सरकवीत न्यावें. जेथें हें कडें हाताशीं नाहीं, तेथें हब न उघडण्यांतच शहाणपण आहे. कित्येक चांगलीं हबें बिघाडानें नव्हे, तर हौशी दुरुस्तीनें निकामी झालेलीं आहेत.

कोणी म्हणेल, शिकल्यासवरल्या घरांतील मुलांनीं ग्रीसनें हात कां माखावे? त्यांना आम्ही किर्लोस्कर बंधूंकडे बोट दाखवूं. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक राहिलेल्या लक्ष्मणरावांनीं व त्यांचे बंधु रामूअण्णा यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेळगांवीं सायकलींचें दुकान चालविलें. पुढें १९१० सालीं औंध संस्थानांत कुंडलजवळच्या माळावर त्यांची किर्लोस्करवाडी उभी राहिली. माणदेशांतील आटपाडीही त्या वेळीं त्याच संस्थानांत होती. पाना हातीं धरल्यानें त्यांची विद्या उणी झाली नाहीं. उलट तिला काम मिळालें.

तेव्हां आमची सूचना इतकीच कीं, घरांत जो सायकल चालवितो त्यानेंच तिचा दिवा सांभाळावा, मग तो मुलगा असो वा मुलगी. महिन्यांतून एका रविवारीं दहा मिनिटें तारा, टोकें व नट पाहून घ्यावे. या कामाला एक पाना, काचकागदाचा तुकडा व स्वच्छ फडकें पुरतें. मीटर शेजारपाजारच्या चार घरांत मिळून एक असला तरी चालतो. जी मुलगी आपला दिवा स्वतः लावूं शकते, तिला संध्याकाळच्या तासाला पाठवितांना घरच्यांचें मनही कमी कचरेल.