भात कापल्यावर चाऱ्यासाठी काय पेरावे?

कापडाच्या दुकानात बसणाऱ्याने चाऱ्यावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण रायगडच्या किनाऱ्यावरील बाजारपेठेत ज्याने तीस वर्षे उधारीची वही सांभाळली आहे, त्याला कोणाच्या घरी कधी दूध आटले हे वहीच्या पानावरच दिसते. दुधाचे रतीब घालणारे गिऱ्हाईक मार्चपर्यंत हप्ता वेळेवर देते, एप्रिलमध्ये टाळू लागते आणि मेमध्ये म्हैस विकून हिशेब चुकता करते. पावसाळ्यात तशीच म्हैस घ्यायला गेले तर त्या किमतीत मिळत नाही.

बकऱ्या पाळणाऱ्यांची अडचण यापेक्षा वेगळी आहे आणि ती दरवर्षी वाढत जाणार आहे. बकरी ईद २०२४ मध्ये १७ जूनला होती, २०२५ मध्ये ७ जूनला. चांद्र वर्षामुळे ती दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि २०३० च्या सुमारास एप्रिलच्या मध्यावर असेल. बकऱ्याच्या अंगावर मांस चढवायचे ते ईदपूर्वीचे तीन महिने. एके काळी ते पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या हिरव्यागार दिवसांत येत. आता ते फेब्रुवारी ते मे या काळात येतात, म्हणजे नेमके आपल्याकडे रान करपलेले असते तेव्हा. बाहेरगावाहून आलेला तयार माल मग भाव खातो आणि गावचा बकरा हाडे दिसत असल्यामुळे मागे पडतो. ज्याला हा धंदा करायचा आहे त्याने चाऱ्याची तयारी नोव्हेंबरातच केली पाहिजे.

प्रथम मालाची पारख. हिरव्या चाऱ्यात शंभर किलोमागे सुमारे ८० किलो पाणी असते. ओले सूत तोलून घेणारा व्यापारी जसा बुडेल, तसाच हिरव्या वजनावर भाव ठरवणारा बुडतो. सुका अंश किती आणि त्यात प्रथिने किती, हे पाहावे. मक्याच्या सुक्या अंशात प्रथिने ९ ते १० टक्के, ज्वारीत ७ ते ८, चवळीत १७ ते २० टक्के. आपला भाताचा पेंढा दिसायला भारा मोठा, पण प्रथिने ३ ते ४ टक्केच आणि तीही जनावराच्या अंगी जवळजवळ लागत नाहीत. पेंढा पोट भरतो. दूध आणि मांस दुसरीकडून आणावे लागते.

माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. शेतीखात्याच्या मराठी पुस्तिकेत ‘एकदल’ आणि ‘द्विदल’ हे शब्द पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ अडलो होतो. अर्थ साधा आहे. मका, ज्वारी, ओट ही गवताच्या जातीची पिके एकदल. चवळी, वाल, बरसीम, लसूणघास ही शेंगेची पिके द्विदल. पहिल्या गटाने भारा वाढतो, दुसऱ्याने कस येतो. नुसत्या ताण्याने कापड होत नाही आणि नुसत्या बाण्यानेही नाही. म्हणून दोन्ही मिळून पेरायचे.

आता आपल्या जमिनीत काय येईल? इथे लोक चारा पाहून बी निवडतात, तिथेच फसतात. आधी पाणी पाहावे. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, पण फेब्रुवारीअखेर किनाऱ्यावरच्या कित्येक विहिरींचा तळ दिसतो आणि काहींचे पाणी मचूळ होते. म्हणजे भात कापल्यापासून फार तर शंभर दिवस आपल्या हातात आहेत. या शंभर दिवसांत पेरून, वाढून, कापून होईल तेच पीक आपले. माणगाव-रोह्याकडे कालव्याचे पाणी आहे, त्यांचा हिशेब वेगळा. त्यांना उन्हाळ्यातही पीक घेता येते.

विहिरीवर पाच-सहा पाळ्या देता येत असतील तर मका आणि चवळी यांना तोड नाही. मक्याची ‘आफ्रिकन टॉल’ ही चाऱ्याची जात उंच आणि पानाळ आहे. ती संकरित नसल्यामुळे चार ताटे राखून पुढच्या वर्षाचे बी घरीच करता येते, हा मोठा फायदा. धान्याच्या दुकानातला मका बी म्हणून पेरू नये. मक्याच्या दोन ओळींनंतर चवळीची एक ओळ ठेवावी. गुंठ्याला मक्याचे अर्धा किलो आणि चवळीचे दीडशे ग्रॅमच्या आसपास बी पुरते. चवळीच्या बियाला रायझोबियमचे जिवाणू खत चोळावे. पाकीट स्वस्त मिळते आणि मुळांवर गाठी चांगल्या धरतात. ६५ ते ७० दिवसांनी, मक्याच्या कणसात दूध भरू लागले की दोन्ही एकदम कापावे. लवकर कापले तर पाणीच पदरात पडते, उशीर केला तर ताट लाकडासारखे होते.

खारेपाटात, समुद्राच्या बांधालगत, मका आणि चवळीचा भरवसा नाही. जमीन सुकू लागली की फेब्रुवारीपासून मीठ वर येते. तिथे ज्वारी अधिक तग धरते, पण पेरणी नोव्हेंबरात ओल असतानाच झाली पाहिजे. मात्र ज्वारीत एक धोका आहे, तो किनाऱ्यावरच्या अनेकांना ठाऊक नाही, कारण हे आपले जुने पीक नव्हे. कोवळ्या ज्वारीत विष असते. घाटावरचे लोक ‘किराळ लागली’ म्हणतात ती हीच गोष्ट. गुडघाभर उंचीची, पाण्यावाचून कोमेजलेली किंवा कापल्यावर नव्याने फुटलेली ज्वारी खाल्ली तर जनावराला धाप लागते, तोंडाला फेस येतो आणि तासाभराच्या आतही ते दगावते. वेळेत डॉक्टर पोचला तर शिरेतून उतारा देता येतो, पण आपल्या वाड्यांवर तेवढा वेळ मिळतोच असे नाही. ज्वारी निम्मी फुलोऱ्यावर आल्याशिवाय विळा लावू नये आणि त्या शेतात जनावर मोकळे सोडू नये.

ओट हे थंडीचे पीक. किनाऱ्यापेक्षा आतल्या गावांत, जिथे रात्री गारवा असतो तिथे ते बरे येते. ‘केंट’ ही जुनी जात मिळते. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पहिली कापणी आणि पाणी असले तर महिन्याभराने दुसरी. ज्याच्याकडे पाणी बेताचे आहे त्याने या वाटेला जाऊ नये.

बरसीमबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे माझे स्वतःचे पैसे गेले आहेत. आमच्या नात्यातले एक गृहस्थ बरीच वर्षे जेद्द्याला होते. तिकडे वाळवंटात गाईंना बरसीम घालतात, मग आपल्याकडे का होणार नाही, असा त्यांचा आग्रह. मी मुंबईच्या एका दुकानातून बी आणून डिसेंबरात पेरले. उगवण विरळ झाली, फेब्रुवारीच्या उन्हात उरलेले पिवळे पडले, आणि जे जोमाने वाढले ती कासनी निघाली. हो, तीच कासनी, जी हकीमसाहेब यकृताच्या दुखण्यावर देतात! बरसीमच्या बियात तिची भेसळ नेहमी असते. मिठाच्या दाट पाण्यात बी टाकले की कासनीचे हलके बी वर तरंगते आणि काढून टाकता येते. हे मला नंतर कळले.

याहून मोठी चूक नावाची होती. सौदीत ज्याला ‘बरसीम हिजाजी’ म्हणतात ती आपली लसूणघास. खरे बरसीम इजिप्तचे. ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंधमध्ये आले आणि पुढे पंजाबात पसरले. त्याला लांब थंडी आणि दहा-बारा दिवसांनी भरपूर पाणी लागते, त्यामुळे ते आपल्या हवेत टिकत नाही. लसूणघासेला खोल, निचऱ्याची आणि आंबट नसलेली जमीन हवी. ती पुणे-नगरकडे उत्तम येते. आपल्या तांबड्या जांभ्याच्या जमिनीत आणि खारटाणात तिची मुळे गुदमरतात. वाळवंटातला तो हिरवा चाराही जमिनीखालचे पाणी बेसुमार उपसून उभा राहिला होता आणि सौदी सरकारला २०१५ नंतर पाण्यापायी ती शेती आवरती घ्यावी लागली.

ज्याच्याकडे पाणीच नाही त्याने निराश होऊ नये. रायगडचा वाल ओलाव्यावरच येतो. शेंगा बाजारात जातात आणि पाला, वेल, टरफले बकऱ्या आवडीने खातात. वाल मोडून तिथे चारा पेरावा, असे मी कोणालाही सांगणार नाही. वालाची टरफले मात्र खळ्यावर जाळू नयेत.

जमीन किती लागेल? पंचवीस किलोच्या बकऱ्याला दिवसाला साधारण एक किलो सुका अंश लागतो. दहा बकरे, नव्वद दिवस, म्हणजे ९०० किलो. त्यातला निम्मा झाडपाला, टरफले, भरडा यांतून भागवला तर ४५० किलो पिकातून यावा. मका-चवळीचे गुंठ्याला हात राखून ३०० किलो हिरवे धरले तर सुका अंश ६० किलो. आठ गुंठे पुरतात. इतकी जमीन आपल्या कितीतरी घरांच्या मागे पडीक आहे, कारण मालक कुवेत-दुबईत आणि घरी फक्त म्हातारी माणसे.

पण हा चारा फेब्रुवारीत तयार होतो आणि गरज मेपर्यंत असते. म्हणून त्याचा मुरघास करावा. कापलेला मका अर्धा दिवस सुकवून कुट्टी करावी, जाड प्लास्टिकच्या पिशवीत थर लावत पायाने दाबून हवा काढावी आणि तोंड घट्ट बांधावे. पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे एप्रिलमध्ये, पिशवी उघडता येते. चांगल्या मुरघासाला आंबूस गोड वास येतो. बुरशी धरलेला थर फेकून द्यावा. तो खाऊन बकऱ्यांना मेंदूचा आजार होतो आणि बकरा एकाच बाजूला गोल फिरू लागतो. उघडल्यावर पहिले काही दिवस मूठमूठ घालून सवय लावावी. चवळी जास्त झाली असेल तर ती सावलीत वाळवून ठेवावी. उन्हात पाने झडतात आणि कस पानांतच असतो.

राहिला प्रश्न मोकाट गुरांचा. भात कापला की आपल्याकडे गुरे सोडून देतात, हा जुना रिवाज. एकट्याने आठ गुंठे पेरले तर रातोरात गावची चराई होते. काही गावांत लोक जुन्या साड्या बांबूला बांधून कुंपण करतात. आमच्या दुकानातला पडून राहिलेला मालही त्या कामी गेला आहे. तरी साडीचे कुंपण एका हंगामाचे. शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी लागून लागून पेरले तर राखण वाटून घेता येते आणि कुट्टीयंत्रही सामाईक घेता येते.

पेरणीपूर्वी मातीची आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी. रोह्याजवळ किल्ला येथे कृषी विज्ञान केंद्र आहे आणि पनवेलला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे खारजमीन संशोधन केंद्र आहे. माती नेताना शेताच्या पाच-सहा ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची घ्यावी, एकत्र कालवावी आणि त्यातली अर्धा किलो न्यावी. खताच्या जुन्या पिशवीत भरू नये, नाहीतर तपासणी खताचीच व्हायची.